पूल वाहून गेला म्हणे

डोंगरावरच्या आमच्या यागुई गावात ढग घरात शिरतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दार उघडं दिसलं की येतात, चुलीपाशी जरा घुटमळतात आणि मागल्या दाराने निघून जातात. त्या नोव्हेंबरात मात्र ते मुक्कामालाच आले होते. समोरचं घर दिसेना, देवळाचा मनोरा दिसेना. माणसं आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. अशाच एका सकाळी गावच्या भोंग्यावरून कोर्नेलियो बोलायला लागला, आणि ओनोरिनाची तव्यावरची मक्याची भाकरी करपली.

हा भोंगा म्हणजे आमचं वर्तमानपत्र. कुणाकडे मक्याच्या पिठाचे तामाले उकडून तयार आहेत, कुणाची शेळी सुटलीय, श्रमदानाला कोण दांडी मारतंय, सगळं कोर्नेलियो त्यावरून सांगतो, आणि नुसतं सांगत नाही, वर चार शब्द पदरचे घालतो. त्या दिवशी त्याने राजधानीचा पेपर उघडला होता. सरकारी पैशाची तपासणी झाली होती म्हणे, आणि राज्यात कुठे कुठे नुसती कागदावरच कामं झाल्याचा संशय आहे, त्याची यादी छापून आली होती. शाळा, टाक्या, रस्ते. कोर्नेलियो मजेत वाचत होता. दुसऱ्या गावांची नावं आली की खिदळत होता. मग एकदम थांबला.

"सान तादेओ यागुई," त्याने वाचलं. "लाल नदीवर झुलता पूल. लांबी बेचाळीस मीटर. खर्च अठरा लाख पेसो. काम पूर्ण. गावच्या समितीने पाहून ताब्यात घेतले."

भोंगा थोडा वेळ नुसता खरखरला.

"पूल कुणी ताब्यात घेतला असेल तर मुकाट्याने चावडीवर आणून द्या रे," कोर्नेलियो म्हणाला. "नाव विचारणार नाही."

सगळं गाव हसलं. ढगात इथून तिथून नुसतं हसणं ऐकू येत होतं, माणूस एक दिसत नव्हता. ओनोरिना हसली नाही. ती समिती तीन जणांची होती. एक उत्तरेला मजुरीला गेला तो गेलाच, दुसरा म्हातारा होऊन वारला. तिसरी, समितीची प्रमुख, ती स्वतः होती.

दुपारपर्यंत लोकांचं हसू आटलं. कोयते खांद्याला लावून बायका-पुरुष नदीवर गेले. कशाला गेले, विचाराल तर कुणाला सांगता येणार नाही. पूल नाही हे काय कुणाला नव्याने कळायचं होतं? पात्रात सात दगड आहेत, त्यांवरून उड्या मारत आम्ही पलीकडच्या कॉफीच्या मळ्यात जातो, आणि पाणी चढलं की तीन तासांचा वळसा घालतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय. तरी गेले. काठावर उभे राहून सगळे वर बघत बसले, जिथे पूल असायला हवा होता तिथे. तिथे ढग होता.

"डोकं सांभाळा, फळी लागेल," कुणीतरी म्हणालं.

"एका वेळी चारच जणांनी चढायचं. बेचाळीस मीटरचा आहे, पण नवा आहे."

"अहो, कठड्याला टेकू नका, रंग ओला आहे!"

पुन्हा हसले. मग मागून कुणी तरी हळूच "अब्दियास" म्हणालं, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

अब्दियास म्हणजे ओनोरिनाचा नवरा. दोन महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, मळ्यातून परत येताना त्याला पाण्याने ओढलं. तीन दिवसांनी खालच्या वळणावर सापडला. फिलेमोनकाकांच्या वाजंत्र्यांनी त्याला वाजवत पोचवलं. सगळं गाव मागे होतं.

मग मात्र गाव पेटलं. नदीवरून सगळे तडक चावडीवर आले, घंटा बडवली. अध्यक्ष लिब्रादो बाहेर आला, हातात गावाने दिलेला मानाचा दंड घेऊन.

"पूल कुठाय रे?"

"बेचाळीस मीटर खाल्लेस, पचले का?"

"घाला त्याला कोठडीत! चावडीखालीच आहे, लांब न्यायला नको."

फिलेमोनकाका पुढे झाले. वाजंत्र्यांचे प्रमुख, गावातले सगळ्यात जुने, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. "महिनाअखेरच्या रविवारी," ते म्हणाले. "सभेत. राजधानीचा साहेबही त्याच दिवशी यायचाय तपासायला. जे बोलायचं ते सभेत बोलायचं, अशी आपली रीत आहे. कोयते घरी ठेवून या."

ओनोरिनाला मात्र कुणी काही विचारलं नाही. ती रस्त्यात दिसली की माणसं बाजूला व्हायची, "कशी आहेस पोरी" म्हणायची आणि ढगात निघून जायची. जिचा नवरा त्या नदीत गेला तिलाच पुलाच्या सहीचं विचारायचं, एवढी कुणाची छाती होती? ते न विचारणंच तिला सोसवेना. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सही तिने केली होती. गेल्या वर्षी, संत तादेओच्या जत्रेत. काय ती जत्रा! सात गावचे वाजंत्री, तीन बैल कापलेले, चौकात दारूकामाचा मनोरा देवळाइतका उंच. पन्नास वर्षांत अशी जत्रा झाली नाही असं लोक अजून म्हणतात. लिब्रादोला लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. ओनोरिना सकाळपासून पाट्यापुढे गुडघ्यांवर बसून तामाल्यांचं पीठ वाटत होती. लिब्रादो घाईघाईने आला. "कोमाद्रे, एक सही हवी होती. पुलाच्या कागदावर."

कागद कोराच होता, वरती फक्त शिक्का. तिने विचारलं नाही. आता जो इथला नाही त्याला हे कळायचं नाही. तिची पोर आता शहरात शिकते, लिब्रादो त्या पोरीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोर तिने त्याच्या हातात दिली होती. त्या दिवसापासून ती त्याची कोमाद्रे, तो तिचा कोंपाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही. देवासमोर ज्याच्या हातात पोर दिली त्याच्या कागदावर संशय घ्यायचा? तिने फडक्याला बोटं पुसली आणि सही केली. कागदाला थोडं पीठ लागलं. लिब्रादोने ते फुंकून उडवलं आणि हसला. तीही हसली होती.

भोंगा वाजला त्याच आठवड्यात, गुरुवारी, तो घरी आला. गोड पाव आणि चॉकलेटची वडी घेऊन आला, म्हणजे काही मागायला आला. ढग त्याच्याबरोबरच आत आले. कोपऱ्यात ओनोरिनाची सासू तोमासा घेवडा सोलत बसली होती. मुलगा गेल्यापासून म्हातारी धड जेवत नव्हती आणि धड बोलतही नव्हती.

"बसा कोंपाद्रे."

"बसतो." पण तो उभाच राहिला. "कोमाद्रे, अर्धे पैसे तिथेच राहिले. वर, राजधानीतल्या साहेबांकडे. मंजुरीला लागतात म्हणाले. उरलेल्यात पूल होत नव्हता, दोन खांबसुद्धा होत नव्हते. परत पाठवतो म्हटलं तर म्हणाले, परत कसे घेणार, काम झाल्याचा कागद द्या. मग जत्रा आली."

"सांगायचं होतंत गावाला."

"कसं सांगू? तीन वर्षं बिनपगारी काम केलं. माझी बैलजोडी विकली. लोक म्हणायचे, मागच्या अध्यक्षाच्या वेळी पाच वाजंत्री होते, तू किती आणणार?" त्याचा आवाज चिरकला. "गावाने मला खांद्यावर घेतलं होतं. वरून सांगू?"

ओनोरिनाला राग आला होता, आणि कीवही आली होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच त्या पावाकडे बघत होती.

"आता ऐका," तो खाली बसला. "पूल नव्हताच असं निघालं तर गावाचे पुढच्या वर्षीचे पैसे बंद. दवाखान्याचा रस्ता गेला. आणि सह्या करणारे शहराच्या तुरुंगात. मी, आणि..." त्याची नजर तिच्याकडे गेली. "पण सप्टेंबरात पूर आला होता. ते तर खोटं नाही. पूल होता, पुरात गेला, एवढंच सभेने म्हणायचं. तुम्ही समितीच्या प्रमुख. तुम्ही म्हणालात की सगळं गाव म्हणेल."

"आणि अब्दियास?" ओनोरिनाने विचारलं. "पूल होता, तर तो दगडांवर कशाला गेला?"

लिब्रादोची मान खाली गेली. इतका वेळ घेवड्याच्या शेंगांचा आवाज येत होता, तो थांबला.

"तो पुलावरच होता," तोमासा म्हणाली. "मध्यावर. शीळ घालत येत होता. फळ्या सुटल्या."

दोघांनी वळून पाहिलं. म्हातारी शांतपणे शेंग सोलत होती. "मला भूक लागलीय," ती म्हणाली. "तो पाव दे गं इकडे."

दोन महिन्यांनी तिने अख्खा पाव खाल्ला. वर चॉकलेट मागितलं. ओनोरिनाने दूध गरम करून त्यात वडी विरघळवली.

त्या दिवसापासून यागुईला पूल आठवायला लागला. कसं झालं सांगता येत नाही. आधी लोक डोळे मिचकावून बोलायचे. पाणवठ्यावर, गिरणीत, "पूल होता तेव्हा बरं होतं बाई" म्हणायचे आणि हसायचे. मग हसणं कमी झालं. ढग तर हटतच नव्हते. नदीकडे पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं, मग काय असेल नि काय नसेल. एकीला आठवलं की मधली फळी पाय ठेवला की कुरकुरायची. दुसरीला आठवलं की तिने त्याच्या दोराला धुणं वाळत घातलं होतं आणि लिब्रादोने तिला झापलं होतं. कुणाचं लग्न पुलावर ठरलं. कोर्नेलियोने भोंग्यावरून एके दिवशी सांगितलं, "पुलाच्या टोकाला माझी टोपी राहिली होती, निळी, कुणाला सापडली तर द्या." चेष्टा नव्हती ती. खरंच शोधत होता तो.

आणि खरं सांगायचं तर फार छान दिवस होते ते. नसलेल्या पुलावरून सगळे जात-येत होते. ज्या अठरा लाखांवर कोयते उचलले होते, त्यांचा विषयच निघेना. लिब्रादोला पुन्हा लोक नमस्कार करायला लागले. फिलेमोनकाकांनी पुलावर एक चाल बांधायला घेतली. संध्याकाळी ढगातून तेवढी तुतारी ऐकू यायची, एकच तुकडा, परत परत.

सगळ्यात जास्त आठवायचं तोमासाला. शेजारणी मुद्दाम ऐकायला यायच्या. अब्दियासने डाव्या हाताने दोर धरला होता. पाठीवर कॉफीचं अर्धं पोतं होतं. त्याने पलीकडून हात केला होता. सांगता सांगता म्हातारी जेवायची, दोन-दोन भाकऱ्या. अंगावर मूठभर मांसही आलं. शेजारणी डोळे पुसायच्या आणि जाताना ओनोरिनाच्या हातावर हात ठेवून म्हणायच्या, "जाऊ दे पोरी. पुलावर गेला तो. चालता चालता गेला."

ओनोरिनाला ते हवं होतं. देवाशपथ हवं होतं. पूल असला की तिची सही खरी ठरत होती. तिने कागदावर पूल लिहून दिला आणि अकरा महिन्यांनी तिचाच माणूस दगडावरून घसरला, हे तिने कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. अब्दियासच्या मातीजवळही नाही. तिला अजून रडूही आलं नव्हतं. आता सगळं गाव तिला एक दुसरं मरण देत होतं, त्यात तिचा हात नव्हता. आणि ते नाही म्हटलं तर म्हातारीच्या तोंडचा घास जाणार होता. रविवारी उठून काय म्हणायचं, ते तिने ठरवून टाकलं होतं. पूल होता. पुरात गेला. दोनच वाक्यं.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती उंबऱ्यावर कॉफीची बोंडं निवडत बसली होती. ढग पायांवर आले, मांडीवर आले, टोपलीत उतरले. तिचा डोळा लागला.

ती पुलावर होती. लोक सांगत होते तस्साच होता पूल. फळ्या ओल्या, दोर निळे, पाय ठेवला की थोडासा हलायचा. तिला इतकं बरं वाटलं की ती मोठ्याने हसली. एक-एक फळी करत मध्यावर आली. तिथे अब्दियास नव्हता. तिने हाक मारली. खालून आवाज आला. वाकून पाहिलं तर तो तिच्या खाली, तिसऱ्या दगडावर उभा, गुडघ्यापर्यंत पाणी, पाठीवर अर्धं पोतं. तो वर बघत होता. रागावलेला नव्हता. चुकलेल्या माणसाला वाट विचारावी तसं त्याने विचारलं, "ओनो, तू कशावर उभी आहेस गं?"

तिने पायाखाली पाहिलं. मग ती जागी झाली. टोपली कलंडली होती आणि बोंडं उंबऱ्याबाहेर घरंगळत गेली होती.

रविवारी सभागृह भरलं. पुरुष बाकांवर, म्हाताऱ्या बायका मागे भिंतीशी, आणि उघड्या खिडक्यांतून आत आलेले ढग. राजधानीचा साहेब टेबलापाशी बसला होता, बूट चिखलाने भरलेले. दर दोन मिनिटांनी तो चष्मा पुसायचा. नदीवर जाऊन आला होता, पण तिथे त्याला स्वतःचे हातसुद्धा दिसले नव्हते. त्याला अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. जो जो उठत होता त्याचं तो लिहून घेत होता.

"मजबूत होता साहेब. पाइनचं लाकूड."

"माझी आई त्यावरून एकटी जायची, ऐंशीची आहे."

"रंग कोणता होता?" साहेबाने विचारलं.

"हिरवा," एक म्हणाला.

"निळा," दुसरा म्हणाला.

"ढगात निळा दिसायचा, उन्हात हिरवा," कोर्नेलियोने उठून सांगितलं. साहेबाने मान डोलावली आणि तेही लिहिलं.

लिब्रादो दंड मांडीवर आडवा घेऊन बसला होता. कोणाच्या तरी मांडीवर पोर झोपावं तसा तो दंड होता, आणि त्याचा चेहरा निवांत होता. "समितीच्या प्रमुख," तो म्हणाला. "ओनोरिना कोमाद्रे, सांगा साहेबांना."

ती उठली. पाठमोरी असूनही तिला भिंतीशी बसलेली तोमासा जाणवत होती. आई, मला क्षमा करा, ती मनात म्हणाली. तुमचा घास मी काढून घेतेय.

"पूल नव्हता," ती म्हणाली.

साहेबाचा हात थांबला.

"कधीच नव्हता. कोऱ्या कागदावर मी सही केली. जत्रेत, तामाल्यांचं पीठ वाटताना. काय आहे ते विचारलं नाही, कारण कोंपाद्रेला विचारत नाहीत. त्या पैशाचे बैल झाले, वाजंत्री झाले, दारूकाम झालं. मीपण जेवले, दोनदा वाढून घेतलं." ती टेबलापाशी गेली. "पूल मी लिहून दिला म्हणून कुणी बांधला नाही. आणि अब्दियास दगडावरून येत होता. त्या दगडावर त्याला मी उभं केलं. लिहा साहेब. माझं नाव लिहा."

मग सभा फुटली.

"तोंड सांभाळ, ओनोरिना!"

"रस्ता गेला! सगळ्या गावाचा रस्ता घालवलास!"

"आम्ही तुझ्यासाठीच खोटं बोलत होतो गं, बाई! तुला काय झालं?"

"तुरुंगात जायची हौस आलीय हिला!"

"अगं, बस खाली! कुणीतरी बसवा तिला!"

लिब्रादो उठला होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "साहेब, बाई दुःखात आहे," तो म्हणाला. "नवरा गेल्यापासून हिचं मन ठिकाणावर नाही. तिच्या सासूला विचारा. तिला सगळं नीट आठवतं."

सगळ्या माना मागे वळल्या. तोमासा भिंतीला धरून उठली. ओनोरिनाला वाटलं, आता ही मला शाप देणार, आणि द्यावाच. तिने डोळे मिटले.

"लिहा," तोमासा म्हणाली. "माझा मुलगा दगडावरून गेला. त्याची एक वहाण तिसऱ्या दगडाच्या फटीत अडकली होती. पाणी उतरल्यावर मी जाऊन काढून आणली. चुलीत जाळली."

"मग इतके दिवस पूल पूल काय सांगत होतीस, तोमासाआजी?" कोर्नेलियो ओरडला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "आम्हाला खरं वाटायला लागलं होतं!"

"तुम्हाला कुठे सांगत होते मी?" म्हातारी म्हणाली. "हिला सांगत होते. सही हिची आहे हे मला भोंगा वाजला त्याच दिवशी कळलं. रात्रभर ही छताकडे बघत पडायची. माझं एक मूल नदीने नेलं होतं. हीही उठून त्याच वाटेने गेली असती, तर मी कुणाच्या हातची भाकरी खाणार होते?" ती ओनोरिनाकडे वळली. "आणि तू माझ्यासाठी गप्प होतीस होय? मला कुठे भूक लागली होती गं. घशाखाली उतरत नव्हता तो पाव. तू बघत होतीस म्हणून खात होते."

खिडकीतून ढग येत होते तसे येतच होते. साहेबाने चष्मा काढला आणि या खेपेला तो पुसायचं विसरला.

फिलेमोनकाका सावकाश उठले. "पूल पाहिलाय असं ज्याला म्हणायचंय त्याने हात वर करा," ते म्हणाले.

एकही हात वर झाला नाही.

"जत्रेत जेवला त्याने हात वर करा."

आधी त्यांनी स्वतःचा केला. मग बाकांवरून एकेक, नाइलाजाने, कुणी कोपरापर्यंत, कुणी नुसतं बोट. "माझं त्या दिवशी पोट बिघडलं होतं," कोर्नेलियो पुटपुटला, आणि मग त्यानेही केला. दोघे-तिघे उठून निघून गेले, जाताना दार आपटलं. सभेत असे असतातच.

"हे पण लिहा साहेब," फिलेमोनकाका म्हणाले. "सगळ्यांची नावं. वेळ लागेल. घाट उद्या उतरा."

लिब्रादोने दंड उचलला. दोन्ही हातांनी नेऊन टेबलावर ठेवला. तो ठेवताना त्याने त्याचं चांदीचं टोक सदऱ्याच्या बाहीने पुसलं, का ते त्यालाही ठाऊक नसेल. मग कुणी न सांगता तो चावडीखालच्या कोठडीकडे चालायला लागला. ओनोरिनाही निघाली. गावाने तिला शिक्षा सुनावली नव्हती, पण कागदावर सह्या दोन होत्या, त्याची आणि तिची.

कोठडी म्हणजे दोन खोल्या आणि लाकडी गज. कुलूप कुठे ठेवलंय ते कुणाला सापडेना. दिवस मावळायच्या सुमाराला तोमासा फडक्यात भाकऱ्या आणि घेवडा बांधून आली. गजांपाशी जमिनीवर बसली. पलीकडच्या खोलीत लिब्रादो भिंतीकडे तोंड करून बसला होता. एक पुरचुंडी त्याच्याकडेही सरकवली. त्याने वळून पाहिलं नाही, पण हात पुढे केला.

"जेव," तोमासा म्हणाली.

ओनोरिनाने भाकरी मोडली. एक घास तोंडात घातला आणि तिथेच तिला रडू कोसळलं, सप्टेंबरापासूनचं सगळं एकदम, घास तोंडात तसाच. म्हातारीने गजांतून हात घातला आणि तिचं डोकं धरून ठेवलं.

"रड," ती म्हणाली. "मी बसलेय."

मग तिने स्वतःसाठी एक भाकरी घेतली आणि पहिल्यांदाच कुणी बघत नसताना खायला लागली.